धोम धरणाभोवती शरदातली एक दिवसाची फेरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा झाला की आमच्या साताऱ्याच्या घरी फोन सुरू होतात. पुण्याचे नातेवाईक, त्यांचे शेजारी, मुलीच्या ऑफिसमधली मंडळी. सगळ्यांचा प्रश्न एकच, "पाचगणीला निघालोय, काय काय बघू?" मी सगळ्यांना आधी वाईजवळच्या कृष्णेच्या खोऱ्यात, धोमला जायला सांगते. माझ्या आत्याचं सासर त्या खोऱ्यातलं, त्यामुळे लहानपणापासून दिवाळीच्या आगेमागे माझी एक फेरी तिकडे ठरलेली असते. फोनवर पुन्हा पुन्हा जे सांगते तेच इथे लिहिलं आहे.

सातारा जिल्ह्यात पाणी पुष्कळ आहे. मग धोमच का?

कास तलाव फुलांच्या दिवसांत बघावा. कोयनेचा शिवसागर अफाट आहे, पण बामणोली किंवा तापोळ्याला जायचं तर अख्खा दिवस लाँच आणि घाटरस्त्यातच जातो. धोमचं तसं नाही. वाईपासून पंधरा-वीस किलोमीटरच्या आत नदीचे घाट, पेशवाईतलं एक गाव, एक आगळं देऊळ, धरणाचं पाणी आणि पसरणीचा घाट चढून पाचगणीचं पठार, एवढं सगळं आहे. आणि यातली प्रत्येक गोष्ट एकाच कृष्णेशी बांधलेली आहे. सकाळी तुम्ही तिच्या काठावर उभे असता आणि संध्याकाळी तीच नदी डोंगरावरून खाली पसरलेली बघता. ही जोड मला दुसरीकडे कुठे सापडलेली नाही.

नेमकं कधी जावं?

कोजागिरीपासून दिवाळीपर्यंत. त्यातही दिवाळीच्या सुट्टीआधीचा मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार मिळाला तर सोन्याहून पिवळं.

त्याला कारण आहे. पाऊस सरतो तेव्हा धरण बहुधा भरलेलं असतं. नंतर रब्बीला कालवे सुटतात, मग उन्हाळी आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या, होतात आणि पाणी महिन्या-महिन्याने मागे सरकत जातं. मे महिन्यात जाल तर पाणी लांब गेलेलं आणि मधे भेगाळलेला गाळ दिसेल. म्हणजे काठोकाठ पाणी आणि अजून हिरवे असलेले डोंगर हे दोन्ही एकदम बघायला मिळतात ते याच दोन-अडीच आठवड्यांत. उतारावर सोनकीची पिवळी फुलं मागे राहिलेली असतात, खोऱ्यात वरच्या अंगाला भाताची कापणी चाललेली असते, वाईच्या शेतांत हळद कमरेएवढी उभी असते. पहाटे पाण्यावर धुकं धरतं आणि ऊन वर आलं की बघता बघता विरतं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं. दुपारी बारा ते तीन उघड्यावर फिरू नका, आखणीच तशी करा.

हा तलाव नैसर्गिक आहे का?

नाही. कृष्णा नदी अडवून केलेलं हे धरण आहे. महाबळेश्वरच्या डोंगरातून निघालेली कृष्णा जोर खोऱ्यातून पूर्वेकडे येते, तिला धोम गावापाशी अडवली. साठवण सुमारे साडेतेरा टीएमसी, म्हणजे साडेतेरा अब्ज घनफूट पाणी. त्याच्याही वर, त्याच नदीवर धोम-बलकवडी हे सुमारे चार टीएमसीचं दुसरं धरण आहे. धोमच्या डाव्या-उजव्या कालव्यांचं पाणी खालच्या तालुक्यांत शेतीला जातं, बलकवडीचं खंडाळ्याकडे वळवलं आहे. कोरेगावकडच्या एखाद्या मळ्यात उन्हाळ्यात ऊस हिरवागार दिसला, तर त्याच्या मुळाशी हे पाणी असू शकतं.

हे मी मुद्दाम सांगते. बरेच जण इथे येतात, "काय सुंदर लेक आहे" म्हणतात, फोटो काढतात आणि निघतात. पण हे पाणी कामाचं आहे. त्यासाठी खोऱ्यातल्या लोकांच्या काळ्याभोर जमिनी, घरं, देवळं पाण्याखाली गेली, कुटुंबं उठून लांब जाऊन राहिली. आत्या अजूनही काठावर उभी राहून हाताने दाखवते, "तिथं चिंच होती, तिच्या अलीकडं आमचा गोठा." बोट पाण्याकडे, आणि डोळे पाण्याच्या खाली काही तरी बघत असतात. तेव्हापासून मला या पाण्याकडे नुसतं देखावा म्हणून बघता येत नाही, आणि तुम्हीही तसं बघू नये असं मनापासून वाटतं.

जायचं कसं?

साताऱ्याहून हायवेने पुण्याच्या दिशेला, आनेवाडीचा टोलनाका ओलांडून पाचवड फाट्यावर डावीकडे वळलं की वाई. साधारण ३५ किलोमीटर. पुण्याकडून येणाऱ्यांनी खंबाटकी घाट उतरून सुरूर फाट्यावर उजवीकडे वळावं. वाईतून मेणवली तीन-चार किलोमीटर, तोच रस्ता पुढे धोमला जातो. धरणाच्या वरच्या अंगाला रस्ता पाण्याच्या सोबतीने खोऱ्यात शिरतो आणि टोकाला जोर गाव लागतं. तिथपर्यंत जायची गरज नाही. पाणी दोन्ही बाजूंनी डोंगरात शिरलेलं दिसायला लागलं, की एखाद्या झाडाखाली गाडी लावा आणि थांबा.

संपूर्ण धरणाला गाडीने वळसा घालता येईल का?

त्या हट्टाला पेटू नका. आतले रस्ते अरुंद आहेत, पावसाने उखडलेले असतात आणि समोरून ऊस किंवा गवत भरलेला ट्रॅक्टर आला तर मागे घेत घेत जावं लागतं. खालून काठाने एक बाजू बघा आणि दुसरी पाचगणीवरून. यालाच मी फेरी म्हणते.

दिवस कसा आखावा?

मी करते तसं सांगते. साताऱ्याहून साडेसहाला निघायचं. साडेसातच्या आत मेणवलीच्या घाटावर. वाईत वाटेत थांबायचं नाही, वाई परतीला. मेणवलीत तासभर, मग धोमचं देऊळ, मग पाण्याच्या कडेने वरच्या अंगाला. तिथे डबा उघडायचा. ऊन तापायच्या सुमारास मागे फिरून वाईत जेवण आणि ढोल्या गणपती, देवळाच्या दगडी सभामंडपात दुपारीही गार वाटतं. तीन-साडेतीनला पसरणीचा घाट चढायचा. घाटातच हवा बदललेली कळते, काचा खाली घ्या. सूर्यास्त पाचगणीला. या दिवसांत सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि मग अंधार फार पटकन पडतो, तेव्हा पाचच्या सुमाराला कड्यावर पोचलेलं बरं.

यातलं काही वगळायचं झालं तर पाचगणीचा बाजार वगळा. पाण्याकाठचा तास वगळू नका.

मेणवलीत काय बघायचं?

नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागचा घाट. वाडा खाजगी मालकीचा आहे, त्यामुळे तिथल्या राखणदाराला विचारून, तिकीट असेल ते काढून आत जा. चौकामागून चौक, लाकडी खांब, भिंतींवरची जुनी चित्रं. रंग पुष्कळ ठिकाणी उडाले आहेत, पण जे आहेत ते जवळ जाऊन बघण्यासारखे आहेत. पेशवाईच्या अभ्यासकांना मेणवली दफ्तर हे नाव ठाऊक असतं, ते नानांच्या याच गावच्या कागदपत्रांचं.

पण माझा जीव घाटात. कृष्णेकडे उतरणाऱ्या पायऱ्या चंद्रकोरीसारख्या वळलेल्या आहेत. सकाळी त्या ओल्या असतात, काठाला बायका धुणं धूत असतात आणि दगडावर कपडा आपटल्याचा आवाज समोरच्या काठावरून परत येतो. हिंदी सिनेमावाल्यांनी हा घाट पुष्कळदा टिपला आहे, त्यामुळे पहिल्यांदा जाऊनही ओळखीचा वाटतो.

घाटावर देवळांपाशीच एका छोट्या दगडी कोनाड्यासारख्या इमारतीत एक मोठी घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आणल्या गेल्या, त्यातली ही एक. मुलांना ती दाखवाच. इतिहासाच्या पुस्तकातली वसई त्यांच्या हाताला लागते. फक्त वाजवायला देऊ नका.

धोमच्या देवळात काय विशेष?

नंदी. देवळापुढे कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे, त्यात मधोमध एक मोठं दगडी कासव, आणि त्या कासवाच्या पाठीवर मंडपाखाली नंदी बसलेला. कुंडात पाणी असलं की कासव नंदीला घेऊन पोहत निघालंय असं वाटतं. कुंड कोरडं असलं तर हिरमुसू नका, मग कासवाची घडण नीट बघता येते. महादेवाच्या या देवळाशेजारीच नरसिंहाचं देऊळ आहे. धोम हे नाव धौम्य ऋषींवरून पडलं असं गावात सांगतात.

कुंडाच्या कठड्यावर मुलांना उभं करून फोटो काढायची टूम निघाली आहे. दगड घोटून घोटून गुळगुळीत झाले आहेत. नको.

पाण्यात उतरता येतं का? पोहता येतं का?

नाही. हे मी हात जोडून सांगते.

भरलेल्या धरणाचा काठ हा नदीचा काठ नसतो. ते बुडालेलं शेत असतं. खाली बांध असतात, खड्डे असतात, जुन्या विहिरी असतात, झाडांचे खुंट असतात. घोट्याएवढ्या पाण्यातून पुढचं पाऊल छातीएवढ्या पाण्यात पडू शकतं. आणि जिथून पाणी नुकतंच मागे सरलंय तिथे गाळ वरून वाळल्यासारखा दिसतो, आत लोणी असतो. काही वर्षांपूर्वी माझा भाचा चेंडूमागे धावत गेला आणि दोन पावलांत गुडघ्यापर्यंत रुतला. ओढून काढताना त्याचा बूट आतच राहिला. आम्ही तिघं मोठी माणसं शेजारी होतो, पाणी अजून दहा हातांवर होतं, तरी अंगाला कापरं भरलं. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे, गवत संपलं की पाऊल संपलं.

पाय बुडवायचेच असतील तर मेणवलीचा घाट आहे, तिथे पायऱ्या दिसतात. तिथेही धरणातून पाणी सोडलेलं असेल तर धार वाढते, गावकऱ्यांना विचारून मगच.

बोटिंग?

चालू असेल तर करा, लाइफ जॅकेट अंगात घालून आणि बंद आवळून. जॅकेट नसेल तर बसू नका. वारा सुटला असेल तर तेव्हाही नको.

धरणावरून दिसणारा तो किल्ला कुठला?

कमळगड. कृष्णा आणि वाळकी या दोन खोऱ्यांच्या मधे उभा आहे, त्यामुळे पाण्यावरून बघितला की तो पाण्यातूनच उठल्यासारखा दिसतो. माथ्यावर खडकात खोल कोरलेली गेरूची विहीर आहे, खाली उतरलं की भिंती तांबड्यालाल. पण तो चढायचा तर वेगळा दिवस काढा, या फेरीत बसत नाही. याच परिसरात पांडवगड, वैराटगड, केंजळगड हेही आहेत. खोऱ्यात उभं राहून एकेक ओळखायचा खेळ मुलांबरोबर छान होतो.

वाईला किती वेळ द्यावा?

दोन तास तरी. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. मूर्ती बघून झाली की देवळाच्या मागे जा, हे सगळे विसरतात. मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती बांधली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या धारेवर दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. अडीचशेहून जास्त वर्षं ती भिंत हे काम करते आहे. शेजारच्या काशीविश्वेश्वराचा काळा नंदी इतका घोटीव आहे की त्यात आपलं तोंड दिसावं.

वाई आणखी एका गोष्टीसाठी मोठी आहे. मराठी विश्वकोश इथे घडला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते आणि पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. तर्कतीर्थ ज्या प्राज्ञपाठशाळेत शिकले ती याच गावातली. जगातलं सगळं ज्ञान मराठीत आणायचं काम कुठल्या महानगरात नाही तर नदीकाठच्या या तालुक्याच्या गावी उभं राहिलं, याचा मला फार अभिमान आहे. घाटावर बसलात की ही गोष्ट मुलांना सांगा.

कृष्णाबाईचा उत्सव बघायला मिळेल का?

शरदात नाही. वाईचे घाट आळीपाळीने हा उत्सव करतात, पण तो थंडी सरता सरता. त्यासाठी पुन्हा या.

पाचगणीवरून धरण कुठून चांगलं दिसतं?

सिडने पॉइंट आणि पारशी पॉइंट. दोन्हीकडून कृष्णेचं खोरं उघडं पडतं आणि सकाळी ज्या पाण्याशेजारी डबा खाल्ला ते पाणी बोटभर दिसतं. खोरं पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत येतं, त्यामुळे संध्याकाळचं ऊन पाण्यावर तिरकं येतं आणि आधी चांदीचा, मग तांब्याचा पत्रा पसरल्यासारखं होतं. टेबललँडचं जांभ्याचं पठार मोठं आणि देखणं आहे, पण या दिवसासाठी मी कडाच निवडते. माकडं फार आहेत, हातात पिशवी लोंबकळत ठेवू नका आणि त्यांना खायला घालू नका.

वाचणारी मंडळी बरोबर असतील तर जवळच भिलार आहे. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घरांत पुस्तकं मांडली आहेत आणि कोणीही बसून वाचावं. मात्र त्यासाठी दोनच्या सुमाराला घाट चढावा लागेल, म्हणजे वाईतला वेळ कमी होईल.

स्ट्रॉबेरी मिळेल का?

ऑक्टोबरात नाही. या दिवसांत तिकडे स्ट्रॉबेरीची लागण नुकतीच झालेली असते, वाफ्यांवर रोपं धरत असतात. इथलं फळ थंडी पडली की येतं, नोव्हेंबरअखेर-डिसेंबरपासून. त्याआधी जे लालभडक विकायला दिसेल ते कुठलं आहे हे विचारून घ्या. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा खरी चव घ्यायची तर महिनाभर धीर धरावा.

जेवणाचं काय?

सकाळचा डबा घरून न्या. धोमच्या वर खोऱ्यात चहाची टपरी मिळाली तर मिळाली. दुपारी वाईत साधी खानावळ बघा, भाकरी, पिठलं, भरलं वांगं, खर्डा. मासे खाणाऱ्यांनी धरणातले ताजे मासे आहेत का ते विचारावं. जेवणाची घाई बारा ते एक या वेळात असते, साडेअकराला किंवा दीडला गेलात तर तव्यावरची भाकरी ताटात येते.

गाडी नाही. एसटीने होईल?

होईल, थोडी काटछाट करून. सातारा-वाई आणि वाई-पाचगणी गाड्या दिवसभर असतात. अडचण मधल्या टप्प्याची. खोऱ्यातल्या मुक्कामी गाड्या मोजक्या आहेत, त्यांच्या भरवशावर धोमच्या पुढे जाऊ नका. वाई स्टँडवरून रिक्षा ठरवा, मेणवली-धोम-परत असं, थांबायचे तास आधी बोलून. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास आहे, ज्येष्ठांनी आधार कार्ड जवळ ठेवावं. पाचगणीहून परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे चढतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.

वयस्कर मंडळींना झेपेल का?

बहुतेक सगळं. मेणवलीचा घाट मात्र उंच पायऱ्यांचा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या पारावर बसावं, नदी तिथूनही दिसते. पसरणीच्या घाटात गाडी लागणाऱ्यांना पुढे बसवा आणि तोंडात आवळा किंवा सुंठ द्या.

त्याच दिवशी कास किंवा महाबळेश्वर जमेल?

नाही. कास साताऱ्याच्या दुसऱ्या अंगाला आहे, आणि ऑक्टोबर अर्धा सरला की तिथला फुलांचा बहरही ओसरतो. महाबळेश्वर पाचगणीहून वीसेक किलोमीटरवर आहे खरं, पण मोहात पडलात तर दिवस गाडीतच जाईल. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात कृष्णेचा उगम बघायची इच्छा असेल, तर मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जा.

परतीच्या वाटेवर आणखी काही?

साताऱ्याकडे जाणाऱ्यांसाठी लिंबची बारा मोटांची विहीर. हायवेपासून थोडी आत आहे. शके १६४१ ते १६४६ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. अष्टकोनी विहीर, आणि तिच्या पोटातच दगडी महाल. पण ती उजेडी बघायची. संध्याकाळी पाचगणीला थांबणार असाल तर ती सकाळी जाताना घ्या आणि साडेसहाऐवजी सहाला निघा.

घरी काय न्यावं?

हळद. वाईची हळद नावाजलेली आहे. गेल्या हंगामातली दळलेली हळद वाईच्या पेठेत मिळते, शक्यतो हळकुंडं घेऊन घरी दळा. आणि धोमच्या रस्त्याला कुणी शेतावर काम करताना दिसलं तर विचारून हळदीचं एक पान मागा, कुणी नाही म्हणत नाही. आत्या दरवेळी निघताना एक पान मधोमध फाडून माझ्या पिशवीत सरकवते. सुरती पदरासारखा लांब, रुंद पट्टा, फाडल्याबरोबर ओल्या मातीचा आणि आंब्याच्या कैरीचा मिळून एक वास सुटतो. साताऱ्याला पोचेपर्यंत गाडीत तोच वास असतो. रात्री ते पान तांदूळ शिजताना भातावर ठेवायचं आणि झाकण घालायचं.